डबीला थंडी वाजेना

बाळांनो, एका जंगलात, म्हणजे डोंगराच्या त्या अंगाला जिथे हिवाळ्यात मधसुद्धा थिजतो, एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव विश्वंभर. तो स्वतःला फार हुशार समजे. असली अस्वलं मला चटकन ओळखू येतात, कारण दाढी करताना आरशात रोज एक भेटतं.

विश्वंभरच्या गुहेत गरम हवेचा पंखा होता. पंख्याला एक बटण होतं. गारठा वाढला की त्याची बायको इंदुमती ते दाबायची, उकडलं की बंद करायची. कसलीच अडचण नव्हती. हुशार प्राण्याला अशा घरात करमत नाही.

त्या हिवाळ्यात इंदुमतीचे वडील, आबा, राहायला आले. नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. वैद्यांनी बजावलं होतं, "यांना गारठा लागू देऊ नका. छातीत पुन्हा कफ भरला तर काही खरं नाही." आबांचं जावयाबद्दलचं मत मुळातच यथातथा होतं. ते सुधारायची हीच संधी, असं विश्वंभरला वाटलं. तो तडक माकडाच्या दुकानात गेला.

"ही शहाणी डबी न्या," माकड म्हणालं. "भिंतीवर लावा. गारठा वाढला की पंखा आपोआप सुरू, ऊब आली की आपोआप बंद."

"आणि पंख्याचं बटण?"

"काढून टाकू. नाहीतर घरची मंडळी मध्ये मध्ये लुडबूड करतात."

विश्वंभरला हे फार पटलं.

डबी घरी आली, पंख्याचं बटण गेलं. आता नवी वस्तू आली की आपण काय करतो? बरोबर. हळदकुंकू, फूल, नारळ. विश्वंभरने मुहूर्त पाहून डबीची साग्रसंगीत पूजा केली आणि तिला देवघरात, थेट समईच्या वर बसवलं. एवढ्या मानाच्या वस्तूला दुसरी कुठली जागा शोभणार?

दिवसभर पंखा झकास चालला. "बघ, बघ!" असं म्हणून विश्वंभरने इंदुमतीला भंडावून सोडलं.

तिन्हीसांजेला इंदुमतीने समई लावली. थोड्या वेळाने पंखा बंद पडला.

बाहेर दव गोठू लागलं. आबांच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या, तरी त्यांचे दात वाजत होते.

"जावईबापू, थंडी वाजतेय हो."

विश्वंभरने डबीवर उमटलेली अक्षरं वाचली. "नाही आबा, तुम्हाला उकडतंय. इथे स्पष्ट लिहिलंय."

"अहो, मला खोकला येतोय!"

"तो उकाड्याचा असेल."

हसू नका, बाळांनो. मी याहून मूर्ख वाक्यं बोललो आहे, आणि तीही अंगात दोन स्वेटर घालून.

आबांचा खोकला वाढत गेला. इंदुमती घाबरली. तिने डबीकडे पाहिलं, मग डबीच्या खाली पाहिलं.

"अहो, हिच्या बुडाशी समई जळतेय! हिला कसली थंडी वाजणार? आधी ही हलवा."

विश्वंभर ओशाळला. "पूजा झालेली वस्तू उत्तरपूजेशिवाय कशी हलवायची? आणि बगळेभटजी थंडीचे कोकणात उतरलेत."

"मग समई विझ..." म्हणता म्हणता इंदुमतीनेच जीभ चावली. मग तिचे डोळे भरून आले. "माझ्या आबांना काही झालं ना, तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही."

आता विश्वंभर खरोखर घाबरला. त्याने पळसाचं मोठं पान उचललं आणि समईच्या ज्योतीला धक्का लागणार नाही अशा बेताने डबीला वारा घालायला सुरुवात केली. डबी हळूहळू गार झाली. पंखा घरघरला. आबांच्या पाठीला ऊब लागली. विश्वंभर हात खाली घेऊन बसला, तर पंखा पुन्हा बंद. त्याने मुकाट्याने पान उचललं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी विश्वंभर पाटावर बसून डबीला वारा घालतो. शेजारपाजारी विचारतात, तेव्हा तो घाम पुसत सांगतो, "आमच्याकडे सगळं आपोआप असतं."

आबांचा खोकला पार गेला. परवा ते घोंगडीतून बराच वेळ जावयाकडे पाहत राहिले. मग डोळे टिपत मुलीला म्हणाले, "इंदू, इतकी सेवा माझ्या पोटच्या पोरांनी नाही गं केली."

तात्पर्य: शहाणं यंत्र घरात जरूर आणावं. ते आपलं काम करत नाही, पण आपल्याला कामाला लावतं. आणि सेवा एकदा पोचली, की ती प्रेमाने केली का मूर्खपणाने, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या सासऱ्यांनी तरी अजून विचारलेलं नाही.