स्वतःच्या विनंतीवरून

चाकणच्या आमच्या कंपनीत राजीनामा आधी एचआरकडे जात नाही, गेटवरच्या मेजरांकडे जातो. हे आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. कागद डोळ्यांजवळ धरतात आणि 'वैयक्तिक कारणास्तव' दिसलं की भडकतात.

"वैयक्तिक? लाइनवरचा सायेब आईवरनं बोलला त्ये लिही की! लेका, कागद तुज्या बाजूनं बोलला पायजे."

एचआरच्या मॅडमनी दोनदा लेखी समज दिली. मेजरांनी रीतसर पोच देऊन दोन्ही फाइलला लावल्या.

फौजेत ते नाईक होते. पण आपल्याकडे फौजेतून आलेला स्वयंपाकीसुद्धा मेजरच. ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली, डावा गुडघा कायमचा आखडला. पुढे नोकरी सोडली आणि अपंगत्वाची पेन्शन मागितली. उत्तर आलं: आपण स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलात, सबब हक्क नाही. म्हणजे गुडघा सरकारी कामात गेला हे मान्य. पण तो घेऊन माणूस आपल्या पायांनी बाहेर चालत आला, हा गुन्हा!

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. तेव्हा अपील मीच लिहायला घेतलं. रविवारी पुनावळ्याला त्यांच्या घरी गेलो.

काकू चहा टाकायला उठता उठता म्हणाल्या, "काय लिवताय भाऊ? सायबासंगं भांडून आल्यात ह्ये. तोंडापायी पेन्शन घालवली."

"व्हय, तोंडच वाईट माजं," मेजर म्हणाले.

काकू आत गेल्यावर मी विचारलं, "विनंती का केली होती? मी एका वकिलांना विचारलं, ते म्हणतात, कारण लिहिलं तर फेरविचार होईल."

मेजरांनी आवाज उतरवला. "पोरगी गेली आमची, सा म्हैन्यांची. ही जेवंना, बोलंना. हिरीच्या कडंला जाऊन बसायची. सुट्टी मागितली, संपली. परत मागितली, न्हाई मिळाली. मंग अर्जच दिला."

"भांडण?"

"कसलं भांडण! सायेब द्येवमाणूस."

"मग हेच लिहू की."

"आन् कागद घरात येनार. ही समदं वाचती. आपल्यापायी पेन्शन गेली म्हनून कळलं, तर परत जेवायची न्हाई."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवलं. मग आत आवाज दिला, "अगं, चा आन. ह्यो बीकॉम हाय, पर माजं भांडान ह्याला बी मिटवता येत न्हाई!"

"मी काय सांगत हुते!" म्हणत काकू आत खळखळून हसल्या.

ते हसू थांबेपर्यंत मेजर स्वयंपाकघराकडे कान देऊन बसले होते.