कार्डाचे बारा तुकडे

सावधगिरी कुणी माझ्याकडून शिकावी! मी ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात आहे. गोपनीय कागद नष्ट कसा करायचा हे मला झोपेतून उठवून विचारा. बारीक तुकडे करायचे आणि तीन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायचे. बावीस वर्षांत आमचा एकही कागद कुणाच्या हाती लागलेला नाही. कधीकधी साहेबांना हवा असलेलासुद्धा!

त्यामुळे रविवारी सकाळी बातमी वाचली तेव्हा मी मुळीच डगमगलो नाही. ज्या वेबसाइटवरून मी चपला मागवल्या होत्या, तिथून हजारो ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांची माहिती चोरीला गेली होती. मी कात्री घेतली. कार्डाचे बारा तुकडे केले. चार स्वयंपाकघरातल्या डब्यात, चार बाथरूममधल्या, आणि चार खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारातल्या डब्यात.

"झालं! आता चोर बसेल बोंबलत," मी बायकोला म्हणालो.

"अहो, चोराला कार्ड कशाला हवंय? त्याच्याकडे नंबर आहे! बँकेला कळवलंत का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"नमस्कार, बँकेतून बोलतेय. आपल्या कार्डावर आत्ता एका मोठ्या टीव्हीची खरेदी होतेय. ती आपणच करताय का? फक्त हो किंवा नाही सांगा."

आला की नाही चोर! मी त्या बाईंना फैलावर घेतलं. लाज वाटत नाही का, घरी आईवडील आहेत का, पोलिसांत देऊ का! दहा मिनिटं झाडून फोन आपटला आणि विजयी मुद्रेने वळलो.

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "त्यांनी कार्डाचा नंबर मागितला?"

"नाही."

"ओटीपी?"

"नाही."

"मग त्या चोर कशा?"

म्हणजे फोन खरंच बँकेचा होता! उद्या त्याच कार्डावर बाबांचं श्रवणयंत्र घ्यायचं होतं. सहा वर्षं बाबा आमच्या ओठांकडे बघून अंदाजाने हसत होते. यंत्राची किंमत आणि कार्डाची मर्यादा यांत जेमतेम एका चपलेचं अंतर. चोराने टीव्ही घेतला की यंत्र गेलं!

"बँकेला फोन लाव! नंबर इंटरनेटवर बघ!"

"तिथे खोटे नंबरही असतात. कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा."

"आणि बँकेची जुनी पत्रं?"

"ती तुम्ही दर महिन्याला कापता!"

मग काय! जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही डबे त्यावर उलटे केले. बँकेच्या नंबरातला सातचा आकडा चहाच्या चोथ्यातून सापडला, तीनचा दाढीच्या फेसातून. "बाबांना कळता कामा नये!" असं मी बाबांच्या शेजारीच उभा राहून ओरडत होतो. बाबा शांतपणे पेपर वाचत होते. शेवटचे दोन आकडे मात्र काकूंच्या डब्यात!

कोपरापर्यंत हात आत असताना काकूंनी दार उघडलं.

"अरे," काकू कळवळून म्हणाल्या, "भूक लागली होती तर बेल नाही का वाजवायची?"

कसाबसा सुटलो. तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि फोन लावला. आवाज ओळखीचा वाटला.

"साहेब, मघाशी माझ्या आईवडिलांची चौकशी करणारे तुम्हीच का?"

"...मीच."

"तुम्ही हो म्हणाला नाहीत, म्हणून ती खरेदी आम्ही तेव्हाच रोखली. कार्डही बंद केलंय. तुमची एक पैही गेलेली नाही. नवं कार्ड आठ दिवसांत येईल. वेबसाइटचा पासवर्ड तेवढा बदला, आणि काही महिने कार्डाचा हिशेब नीट तपासत जा."

वाचलो! इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. त्या बाईंची मी पाच वेळा माफी मागितली. सहाव्या वेळी त्यांनी फोन ठेवला.

बाबांपुढे वही धरून मी लिहिलं, 'यंत्राचं दुकान आठ दिवस बंद.' बाबांनी मान डोलावली.

नवव्या दिवशी यंत्र बसवून आम्ही घरी आलो. बाबा डोळे मिटून खुर्चीत बसले. पंख्याची घरघर ऐकली, नळाची टपटप ऐकली. चेहरा कसा उजळला होता! मला भरून आलं. आत बायको फोनवर बहिणीला काहीतरी रंगवून सांगत होती. जरा कान दिला, तर कात्रीपासून सुरुवात झालेली!

मी दार लावायला धावलो, पण गोष्ट काकूंच्या डब्यापर्यंत पोहोचली होती. बाबांचं पोट गदगदा हलत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओठांकडे न बघता हात पुढे केला.

"दुकान बंद होतं होय रे? आण ती कात्री इकडे!"