हवालदारांचं लिंबू

आमच्या मलकापुरातले दत्ता हवालदार कुठल्याही सरकारी कचेरीत जाताना खिशात लिंबू नेतात. व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर ते सोडतात आणि कुठं थांबतं ते बघतात. पायथ्याशी थांबलं तर उतार पास. रस्ता ओलांडून गटारात गेलं तर साहेब नापास.

हवालदार फौजेतून धडधाकट परतले आणि घरी आल्यावर मोटरसायकलवरून पडून कमरेखाली लुळे झाले. कुणी उचलायला पुढं आलं की म्हणतात, "हात काढा. मी काय उसाची मोळी हाय?" या वाक्यावर मी पत्रक काढलं आणि कऱ्हाडच्या स्टँडवर वाटलं.

एका कचेरीला उतारच नव्हता. निषेध म्हणून हवालदारांनी लिंबू पायरीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पदवीधर कारकून दाराबाहेर खोळंबले. करणीचं लिंबू ओलांडणार कोण? साहेबांनी भगत बोलावला. गवंडी अजून बोलावलेला नाही.

अशा लोकांनीच त्यांना 'दिव्यांग' म्हणून शाल दिली. स्टेजला पाच पायऱ्या, म्हणून पुढारी खाली उतरले आणि फोटो काढून परत वर गेले. हवालदार त्या शालीनं चाकं पुसतात. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी फोनवर सांगितलं, येऊन मन मोकळं करा. हवालदारांनी विचारलं, "तुमच्या हापिसाला पायऱ्या किती?" तीन होत्या. "मग मन बाहेरच राहू दे."

आणि या माणसाच्या स्वतःच्या दारात दीड फूट उंच जोतं. उतार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ शेजारचे मेहबूबभाई येतात आणि त्यांना उचलून खाली-वर करतात. तेव्हा उसाची मोळी आठवत नाही. मेहबूबभाई गवंडी आहेत, हे तर आणखी संतापजनक. जगाला लिंबू आणि घरात ढोंग. मी वर्गणीतून सिमेंट आणलं, वाळू टाकली आणि बजावलं, आता पत्रक तुमच्यावर निघेल.

हवालदारांनी वाळू मुठीत चोळली. "मातकट हाय. काम टिकायचं न्हाई."

मी तणतणत मेहबूबभाईंकडं गेलो. ते थापी धूत होते.

"वाळू झकास हाय," ते म्हणाले. "मी टाकल्याली दोनदा, ती बी झकासच हुती. त्यांनी मातकट म्हटलं, मी बी व्हय म्हटलं."

"का?"

"वैनी गेल्यापास्नं त्या घरात दुसरं कोण जातंय? उतार झाल्यावर दोन टायमाला मी तरी काय म्हणून जाऊ?"

संध्याकाळी मेहबूबभाईंनी त्यांना उचललं. हवालदारांचा हात त्यांच्या गळ्यात होता. तिथूनच हवालदारांनी मला विचारलं, "मग गड्या, वाळू कशी हाय?"

पत्रकाचा मजकूर माझ्या खिशात तयार होता.

"मातकट हाय," मी म्हणालो.