शिट्टी मारणारा तंबोरा

या, असे पुढे सरकून बसा. एका तंबोऱ्याची गोष्ट सांगतो. हसू आलं तर आवरू नका. देवालाही हसरी माणसं आवडतात.

शिंपीआजोबा नातीचा हात धरून हाताने घडवलेल्या वाद्यांच्या प्रदर्शनात शिरले, ते एकाच वाद्यासाठी. त्यांच्या जिवलग मित्राने, शेजारच्या सुताराने, घडवलेला तंबोरा तिथे होता. तरुणपणी दुकानं बंद झाली की सुतार तारा छेडायचा आणि आजोबा गळ्यातली टेपही न काढता देवाची गाणी म्हणायचे. सुतार देवाघरी गेला. उद्यापासून तंबोराही संग्रहालयात काचेआड जाणार होता. ऐकायचा तर आजच.

"काका, आलात!" सुताराची मुलगी धावत आली. "थांबा, तुमच्यासाठी छेडते."

आजोबांनी कान भोपळ्याजवळ नेला. तिने तार छेडली मात्र, "कुंईऽऽऽ!"

"अगंबाई! बाबांचा तंबोरा असा कधी किंचाळला नव्हता!"

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. इतके बारीक आवाज त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिले होते.

तिने खुंट्या पिळल्या, तार बदलली. आजोबा वाकले की पुन्हा कुंईऽऽ! तोवर नातीने त्यांना सारंगीपाशी नेलं. त्यांनी कान जवळ नेला. सारंगी किंचाळली. मग वीणा. मग चक्क ढोल!

"ढोल शिट्टी मारतोय?" कुणीतरी ओरडलं. पहारेकऱ्याला वाटलं, आगीचा भोंगाच हा. त्याने "चला, चला, बाहेर!" करत सगळं दालन रिकामं केलं.

"संपलं," पायरीवर बसून आजोबा म्हणाले. "आता कुठला ऐकतोय मी त्याला!" त्यांचे डोळे भरले. नातीने त्यांना घट्ट मिठी मारली आणि तिच्या गालाखालीच वाजलं, "कुंईऽऽऽ!"

"अहो आजोबा! तुम्हीच वाजताय!"

आजोबांच्या कानातल्या ऐकण्याच्या यंत्राजवळ काहीही आलं की ते शिट्टी मारत होतं.

दालन उघडलं. यंत्र नातीच्या पर्समध्ये गेलं. सुताराच्या मुलीने तारा छेडल्या, सगळे माना डोलवू लागले. आजोबा तेवढे कोरडे! यंत्राविना त्यांना काय कप्पाळ ऐकू येणार?

शेवटी ते गुडघ्यांवर बसले आणि हनुवटी भोपळ्यावर टेकवली. पहारेकरी धावला. त्याने 'हात लावू नये' या पाटीकडे बोट दाखवलं.

"हात कुठे लावलाय?" आजोबा गरजले. "हनुवटी लावलीय!"

नाद जबड्यातून थेट डोक्यात शिरला. आजोबांचा चेहरा उजळला. ते सुताराला जन्मभर ज्या लाडक्या शिवीने हाक मारत, तीच तोंडून गेली, "आलास का रे, मेल्या!"

आणि त्यांनी जीभ चावली.

सुताराची मुलगी हसता हसता रडली, पण तारा छेडणारी तिची बोटं थांबली नाहीत. पहारेकऱ्याने गुपचूप पाटी भिंतीकडे फिरवली.

आज रात्री हात जोडाल, तेव्हा त्या सुताराची आठवण काढाल ना?