घरच्या संबंधांतले प्रुइटसाहेब

"एल्मर प्रुइट? अरे, आपले घरचे संबंध आहेत!" कोलोनच्या मराठी मंडळाच्या बैठकीत प्रतापने छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हा हे घरचे संबंध जेमतेम आठवड्याचे होते. शिवाय ते एका ईमेलपुरते होते, आणि तो ईमेलही प्रुइटसाहेबांच्या बायकोचा!

पण समोर श्यामकांत बसला होता. मंडळाचा अध्यक्ष. कुकरच्या तळाला भात लागावा तसा खुर्चीला लागलेला. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर निवडणूक होती, आणि यंदा ती खुर्ची प्रतापला हवी होती. श्यामकांतच्या जमेच्या बाजूला बटाटेवडे, हॉलची धावपळ, लोकांच्या आईवडिलांना विमानतळावरून आणणं, असं बरंच काही होतं. प्रतापच्या जमेला फक्त भाषणं. पण प्रमुख पाहुणा म्हणून खराखुरा अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक आणला, तर सगळे बटाटेवडे एका फटक्यात पाण्यात!

प्रुइटसाहेब जर्मन बायकोबरोबर हायडेलबर्गला निवृत्त होऊन राहत होते. त्यांना प्रतापने पाहिलं होतं ते इंटरनेटवरच्या एका फोटोत. फोटो १९७९चा. त्यात टोपी आणि मिशा जास्त, माणूस कमी.

"प्रुइटबाई लिहितात, एल्मर स्वतः चारला हॉलवर पोचेल, घ्यायला येऊ नका," प्रतापच्या बायकोने, साधनाने, ईमेल वाचून दाखवला.

"अगं, तसं म्हणायचं असतं! कुठला पाहुणा म्हणेल, मला घ्यायला या?"

"जर्मन बाई आहे ती, प्रताप. ती 'नको' म्हणाली की नको असतं. आपल्यासारखं 'नको नको' म्हणत वाटी पुढे करत नाहीत ते."

"आणि चार म्हणजे काय, आपला कार्यक्रम साडेपाचच्या आत कधी सुरू झालाय?"

"हे त्यांना कळवलंस?"

"हे काय कळवायचं असतं?"

झालं! शनिवारी प्रताप हातात गुलाबांचा गुच्छ घेऊन स्टेशनवर उभा राहिला. हायडेलबर्गकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक पिकल्या केसांकडे पाहून हसायचा. दोन आजोबांनी घाबरून डबा बदलला.

इकडे ठोक्याला चार वाजता हॉलच्या दारात एक उंच म्हातारा आला. अंगात अनेक खिशांचं जाकीट. वर छताच्या दिव्यांकडे पाहून त्याने नापसंतीने मान हलवली. आत श्यामकांत एकटाच खुर्च्या ओढत होता. वेळेवर आलेला, गोरा, आणि येताक्षणी नाराज! असा माणूस हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा रखवालदार, सोडून दुसरा कोण असणार? आणि जर्मनीत हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीतली शनीची साडेसाती. त्याला तेल वाहिलेलं बरं! श्यामकांतने त्याच्या हातात गरम वडा ठेवला आणि खुणेने खुर्च्या दाखवल्या. म्हाताऱ्याला वाटलं, इथली रीतच असावी. वडा खाऊन त्याने खुर्च्या मांडल्या, मग दिवे फिरवले, मग मुलांच्या नाटकाची तालीम सुरू झाली तशी स्टेजवर चढून वेदांगच्या नरकासुराला नीट मरायला शिकवलं!

"काय गुणी हाउसमाइस्टर आहे हो!" श्यामकांत वड्यांचा घाणा काढता काढता म्हणाला.

प्रताप सहा वाजता रिकाम्या हाताने परतला. म्हणजे गुच्छ होता, पाहुणा नव्हता. आणि हॉलच्या दारात पाहतो तर काय? एक भरघोस मिशांचे, टोपीवाले वृद्ध गृहस्थ वैतागून उभे!

"इथले जबाबदार तुम्हीच का?" गृहस्थांनी जर्मनमध्ये विचारलं.

"या, या! मीच!" असा जर्मन होकार भरत प्रतापने त्यांना मिठी मारली. नाव विचारायची सोयच नव्हती. घरचे संबंध ना! शेजारी श्यामकांत पाहत होता. गृहस्थ "पण ते दार..." म्हणेपर्यंत प्रतापने त्यांना पहिल्या रांगेतून स्टेजवर नेऊन खुर्चीत बसवलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, वर गुलाब.

मग परिचय. मंडळाच्या परिचयात पाहुणा कधी आपटत नाही, तो 'वेगळी वाट चोखाळतो'. प्रुइटसाहेबांचा 'डस्ट ऑन द पियानो' तीन दिवसांत उतरला होता. प्रताप म्हणाला, "या चित्रपटाने थिएटरवाल्यांना विचार करायला लावलं!" टाळ्या. राक्षसी खेकडा आख्खं गाव खातो तो 'पिंचर्स ॲट डॉन'? "पर्यावरणाचा प्रश्न त्यांनी तेव्हाच हाती घेतला!" टाळ्या. स्टुडिओने हाकललं? "मोठ्या बॅनरचा मोह त्यांनी क्षणात सोडला!" पुढे कित्येक वर्षं काम नव्हतं, तो चिंतनाचा काळ. शेवटी जर्मन टीव्हीवर वॉशिंग मशीनच्या जाहिराती. "आणि अशा रीतीने ते जर्मनीच्या घराघरात पोचले!"

हॉल दणाणला. प्रत्येक चित्रपटाच्या नावाला स्टेजच्या कोपऱ्यात शिडीवर चढलेला म्हातारा दचकून वळत होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शालवाले गृहस्थ माइकपाशी आले. जर्मनमध्ये गरजले, "मागचं आगीचं दार ताबडतोब मोकळं करा!"

प्रतापने एकदा दाराकडे पाहिलं. पण पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले सगळे आईवडील अनुवादाची वाट पाहत होते. "पाहुणे म्हणतात, कलावंताने मनाची दारं सदैव मोकळी ठेवावीत!"

टाळ्या! मागून पोरांची खसखस.

"दहाला हॉल रिकामा पाहिजे! झाडून!"

"पाहुणे म्हणतात, वेळ आली की मंचाचा मोह सोडावा. स्वच्छ मनाने!"

तेवढ्यात मुकुट घातलेला कृष्ण, म्हणजे प्रतापचीच लेक ऋचा, विंगेतून ओरडली, "पापा, दास इस्ट डॉख डेअर हाउसमाइस्टर! हा तर हाउसमाइस्टर आहे!"

श्यामकांतने हाउसमाइस्टरकडे पाहिलं. मग शिडीकडे. मग प्रतापकडे. "मग आमच्याकडे खुर्च्या कोणी लावल्या?"

शिडीवरचा म्हातारा खाली उतरला आणि प्रतापला अगदी हळूच विचारता झाला, "हे गृहस्थ कोण? यांनी सगळे माझेच सिनेमे काढलेत. आणि यांचे चाललेही!"

प्रतापने हाउसमाइस्टरच्या नारळावरचा गुच्छ उचलून म्हाताऱ्यापुढे केला. नारळ आणि शाल मात्र परत मागायची हिंमत कुणाला झाली नाही. हाउसमाइस्टर ती शाल अजून थंडीत पांघरतो म्हणे, आणि मंडळाने हॉल मागितला की 'नाही' म्हणत नाही. त्या रात्री नरकासुर असा मेला, असा मेला, की लोकांनी त्याला दोनदा मारायला लावलं. निवडणूक बिनविरोध झाली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको.

नाताळात प्रतापने सहज प्रुइटसाहेबांचं इंटरनेटवरचं पान उघडलं. त्यांच्या कारकिर्दीच्या यादीत तळाला एक नवी ओळ होती: 'कोलोन, २०१४. बालनाट्य. दिग्दर्शन.' खाली आभार: श्यामकांत. वेदांग. ऋचा. हाउसमाइस्टर. प्रतापने पान वर नेलं, खाली नेलं, दोनदा बंद करून उघडलं.

साधना त्याच्या खांद्यावरून वाचत होती. एरवी ती त्याला नावाने हाक मारते. 'अहो' खास प्रसंगांसाठी राखून ठेवलेलं आहे.

"अहो," ती म्हणाली, "असं काय करता? घरच्या माणसांचे कुठे कुणी आभार मानतं का!"