आजीच्या पाच रेघा

“आधी खोड, मग जेव!”

हा आवाज लवंगीताईच्या कानात लहानपणापासून अडकून बसला होता. पाच-सहा वर्षांची असताना तिनं कोळशानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर आई काढली होती, नाकाच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत रेघा ओढून. आईनं उलथनं उगारलं, ताट मागं सरकवलं आणि फर्मान काढलं. पोरीनं रडत रडत ओल्या फडक्यानं आई पुसली. भिंत काळी झाली ती झालीच, आणि पोरीच्या मनातला राग तिच्याहून काळा.

ती पोर आता पन्नाशीला टेकली होती. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टूनच्या, स्टुडिओत पात्रं घडवायची. समोर सगळे ‘ताई’ म्हणत, पाठ वळली की ‘लवंगी’. मिरचीच्या जातीवरून हो, लवंगेच्या नव्हे!

नव्या मालिकेत दिग्दर्शकसाहेबांना आजी हवी होती. सत्तरीची, घड्याळं दुरुस्त करणारी, पण लहान मुलांना बघताक्षणी आवडेल अशी. म्हणजे डोळे बशीएवढे, डोकं भोपळ्याएवढं आणि अंग चिमणीएवढं.

“ताई, ही तर बाळ दिसेल!” रंग भरणारी म्हणाली.

“दिसेलच! डोळे मोठे करून खाली सरकवा, हनुवटी आखडा, नाकाचा ठिपका करा, झालं लेकरू. डोळे बारीक, तोंड लांब, झाला बाप्या. ही तर बालवाडीतली पोरंही करतील! मी लेकराच्याच तोंडावर म्हातारपण बसवून दाखवते. नाकाशेजारी दोन, डोळ्यांखाली दोन, गळ्यावर एक. पाच रेघा, सत्तर वर्षं! नाही बसली तर नाव बदलीन!”

“कुठलं? ताई की...” पक्क्या रेघा ओढणाऱ्या दादाच्या तोंडून निसटलं. उरलेलं त्यानं चहाबरोबर गिळलं.

आजीची मॉडेल शीट करायला तिनं घरी नेली. मॉडेल शीट म्हणजे पात्राची जन्मपत्रिका. त्यात समोरून, बाजूनं, मागून जसं असेल तसंच सगळ्यांनी काढायचं. चेहरा कुणाचा घ्यावा, हा प्रश्नच नव्हता. तो समोरच खुर्चीत बसून, पेन्सिलीचं बूड चावत शब्दकोडं सोडवत होता.

आई मागं येऊन उभी राहिली. “ही कोण?”

“मालिकेतली आजी.”

“तोंड माझं कशाला घेतलंस?”

“तोंडाला काय तुझ्या नावाची पाटी आहे?”

“मग काय भाड्यानं दिलंय?” आई शीटवर वाकली. तिचं बोट पाचही रेघांवरून शेतातल्या बांधावरून चालावं तसं सावकाश चाललं. “एवढ्या?”

“एवढ्यावरच तर ती म्हातारी आहे! या पाच पुसल्या तर पाळण्यात घालावी लागेल.”

“आणि शेवटी काय होतं हिचं?”

“मरते. दुकानातली सगळी घड्याळं एकदम थांबतात. लोक ढसाढसा रडतील बघ!”

आई खुर्चीत परत जाऊन बसली. जरा वेळानं खुर्चीतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं, 

“लोकांच्या लेकी आईला सजविती,
माझी गं लेक मला आजी बनविती!”

“ऐकू येतंय मला!” लवंगीताई ओरडली आणि झोपायला गेली.

सकाळी दोघींचं चपलेवरून वाजलं. एक काळी, एक तपकिरी घालून निघालेली लेक आईनं दारात अडवली, लेकीनं उंबऱ्यातच चार शब्द सुनावले, आणि त्या तिरमिरीत शीट न बघताच गुंडाळी करून काखेत मारली. स्टुडिओत ती दादाच्या टेबलावर आपटली आणि दुसऱ्या पात्रांच्या कामात बुडून गेली.

दादा एकदा दाराशी आला. “ताई, आजीच्या तोंडावर जरा...”

“शीटमध्ये काय आहे?”

“शीटमध्ये तर...”

“आहे तेच काढ! एक रेघ जास्त नको, एक कमी नको! प्रत्येकानं आपापली अक्कल घातली तर पात्राचं भरीत होतं!”

दादा गेला. पुन्हा आला नाही. आणि त्याच्या हातून, मग हाताखालच्यांच्या हातून, आजी शेकडो चित्रांत उतरत गेली. इमानेइतबारे!

मालिका घ्यायची की नाही, हे वाहिनीची एक बाई ठरवणार होती. नाही म्हणाली तर स्टुडिओला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं आणि पालक जमवून चाचणीचा खेळ ठेवला. पहिला भाग आणि शेवटच्या भागातला मरणाचा प्रसंग दाखवायचा होता. लवंगीताईनं आईला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. एवढी वर्षं चित्रं काढली, आईच्या तोंडून ‘बरं आहे’ एवढंही कधी निघालं नव्हतं. आज निघणार होतं!

पडदा उजळला. दुकानाचं दार किलकिलं झालं आणि आजी आली. बुटकी. पांढऱ्या केसांची. बशीएवढ्या डोळ्यांची. आणि तोंड सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत!

लवंगीताई खुर्चीच्या टोकाला सरकली. रेघा? रेघा कुठं गेल्या?

“आई, ही मुलगी शाळेत का जात नाही?” मागून एक पोरगा म्हणाला.

“ती म्हातारी असेल रे. केस बघ.”

“ॲनिमेत सगळ्यांचेच केस पांढरे असतात!” पोरानं आईला निकालात काढलं. “ती जादूची काठी आहे तिची!”

पडद्यावरची आजी काठी टेकत “आई गं, कंबर मोडली!” म्हणाली. पोरं खिदळली. मग तिचा टकला, पोट सुटलेला मुलगा आला आणि त्या बाहुलीसमोर गुडघे टेकून हुंदका देत म्हणाला, “आई, मी तुझा अपराधी आहे!” सभागृह फुटलं! एका बाबांना हसता हसता ठसका लागला. मरणाच्या प्रसंगात आजीनं डोळे मिटले, घड्याळं थांबली, आणि शांततेत एक चिमुरडी कळवळून म्हणाली, “हिला अंगाई म्हणा ना कुणीतरी!”

वाहिनीची बाई उठली. “बालमजुरीवरच्या मालिका आम्ही घेत नाही.”

“बाई, ती सत्तर वर्षांची आहे!” साहेब धावले.

“कुठून?”

“माझ्या चित्रात रेघा होत्या, कुणीतरी पुसल्या!” लवंगीताई मागून ओरडली. बाईनं पर्स काखेत घेतली. “उद्या येते. तुमच्या चित्रांवरून कुणाचा हात फिरतो, ते सांगा आणि नीट आजी दाखवा. जमलं नाही तर राम राम.”

लवंगीताई स्टुडिओत शिरली ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. “कुणी खोडल्या? बोला!”

“मी विचारायला आलो होतो, ताई,” दादा खाली बघत म्हणाला.

“विचारायला आलास तर विचारायचं की!”

“तुम्ही म्हणालात, आहे तेच काढ.”

“मी म्हणाले म्हणून गप्प बसतोस? उद्या म्हणेन खिडकीतून उडी टाक!”

“शीटमध्ये असती तर टाकली असती!” दादाचाही पारा चढला.

रंग भरणारी रडायला लागली, तिलाही ताईनं झापलं. साहेबांनी ‘शांत व्हा’ म्हटलं, त्यांना दुप्पट झापलं. शेवटी तिनं मूळ शीट दिव्याखाली धरली. नाकाशेजारी कागद चोळून चोळून खरबरीत झाला होता. गुंडाळीत गुलाबी चुरा होता. स्टुडिओतली खोडरबरं सगळी पांढरी. तिनं सगळ्यांचे खण उपसले, डबे उलटे केले. गुलाबी काही सापडेना!

“सापडू दे तो! त्याचं अन्नपाणी बंद करते की नाही बघा!”

तोच घोष करत ती संध्याकाळी घरात शिरली. “ऐकतेस का? चोरटा आहे कुणीतरी! पंधरा माणसांच्या पोटावर पाय आणलाय! अन्नपाणी बंद त्याचं!”

आई जेवायची तयारी करत होती. तिनं ताट मांडलं. एकच.

“तुझं कुठंय?”

“माझं बंद ना?”

लवंगीताईनं आधी आईकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. शब्दकोड्यावर पेन्सिल आडवी पडली होती. तिच्या बुडाला गुलाबी रबर होतं. झिजून पार पत्र्याला टेकलेलं.

“तू?”

“मी. पाचही.”

“अगं, का? जळफळाट म्हणून? मी कोळशाची भिंत अजून विसरले नाही! जन्मभर माझं चित्र तुझ्या डोळ्यांत खुपतं!”

“ओरडू नकोस. तूच म्हणालीस, या पाच पुसल्या तर पाळण्यात घालावी लागेल. आणि तूच म्हणालीस, शेवटी मरते. तोंड माझं आणि मारणारी माझीच लेक!” आईचा आवाज बारीक झाला. “म्हटलं, लेकरू झाली तर कोण मारतंय तिला?”

लवंगीताई तरातरा स्वयंपाकघरात गेली. मग तिनं दुसरं ताट आणून आदळलं, दिवा ओढला, नवा कागद पसरला.

“जेव. आणि मग बस समोर. हलायचं नाही!”

“पुन्हा पाच?”

“पाचच.”

“आणि मरते?”

“साहेबांशी भांडते उद्या,” ती गुरगुरली. “घड्याळं थांबतील आणि ती उठून त्यांना किल्ली देईल. झालं?”

आई जेवली, खुर्चीत येऊन बसली, तोंड उजेडाकडे केलं. पेन्सिल नाकाशेजारून उतरू लागली.

“हलू नकोस म्हटलं ना!”

“हलत नाही. एक सांगायचं राहिलंय,” आई ओठ न हलवता म्हणाली. “त्या भिंतीवरची मी हुबेहूब होते गं. तेव्हा तिशी पण उलटली नव्हती माझी. म्हणून तर पुसायला लावलं!”