दिवा लावायच्या आधी

डासांच्या पोटात लावायचं विरजण आमच्या घरी ठेवलेलं आहे. हिवताप कार्यालयाचे गेडाम साहेब ते काचेच्या बाटलीत घेऊन आले आणि गावात कोणाचं दही कधी फसत नाही, याची चौकशी करत आमच्या बुढीपर्यंत, म्हणजे माझ्या बायकोपर्यंत पोचले.

मी शिकलेलो नाही, पण त्यांचं म्हणणं समजलं. डासाच्या पोटात बारीक जीव राहतात. त्यातली एक जात पोटात असली, की हिवतापाला तिथं बसायला जागा उरत नाही. ती आईकडून लेकीला मिळते. आमच्या गावच्या डासांत ती नव्हतीच, म्हणून बाहेरून आणावी लागली. वाटप सूर्य मावळल्यावर करायचं, असा नियम. त्याआधी डास येत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी एक डासीण उंबरठ्यावर येऊन बसली, पाठ वर करून. त्यांची बसायची रीतच तशी. बुढी नुकतीच तुळशीपुढे दिवा लावून आली होती.

“आजी, विरजण पाहिजे होतं.”

“दिवा लागला ना माय. आता विरजण घराबाहेर जात नाई.”

डासीण गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं मच्छरदाणीत बसलेल्या आमच्या सुनेकडं पाहिलं. प्रणिताला सातवा महिना होता. पहिलं मूल पोटातच थंडीतापानं गेलेलं.

“मला अंडी घालायची हायेत,” डासीण म्हणाली. “त्याआधी जेवावं लागते. पण असं कोणाचं वाईट करून नको.”

गेडाम साहेबांनी बुढीला वाटपाच्या नियमाचा कागद दाखवला. कागद बरोबर आहे आणि रीतही बरोबर आहे, असं ती म्हणाली. मी समजवायला गेलो नाही. पन्नास वर्षांत त्याचा उपयोग झालेला मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी सूर्य मावळला, पण आमच्या घरी दिवा लागला नाही. वाती संपल्या का, म्हणून शेजारीण विचारून गेली. बुढी वाती मांडीवर घेऊन उंबरठ्यात बसली होती. अंधूक झाल्यावर डासीण आली. बुढीनं बोटाच्या टोकावर थेंब धरला, तिला सावकाश पिऊ दिलं आणि कोनाड्यात नेऊन बसवलं.

“सकाळपर्यंत हलू नको. हललं की लागत नाई.”

मग तिनं दिवा लावला.

दुसऱ्या संध्याकाळी डासीण म्हणाली, “लागलं वाटते, आजी.” बुढीनं पदर सारून स्वतःचा हात पुढं केला. दहीसुद्धा सुनेच्या ताटात वाढण्याआधी ती स्वतः चाखते. मी म्हणालो, माझा हात घे.

“तुमाले कवा चव कळली?” ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस डासीण तिच्याकडंच जेवली. मी सकाळ-संध्याकाळ बुढीच्या कपाळाला हात लावून बघत होतो. कपाळ गारच राहिलं. सोळाव्या दिवशी बुढीनं मच्छरदाणीचा कोपरा उचलला.

“जाय,” ती डासिणीला म्हणाली. “पण थोडंच घेजो. पोटुशी हाय.”

प्रणिताला मुलगी झाली. डासिणीच्या लेकी मागायला येत नाहीत, त्यांना घरचंच मिळालं. तरी बुढी रोज दिवा लावायच्या आधी वाती मांडीवर घेऊन जराशी थांबते. एखादी बाहेरगावाहून आली असेल, म्हणून.